साडेचार किलो

काट्याचा आकडा एकतीसवर थबकला, थरथरला आणि अर्ध्याने वर चढून बसला. जनावरांच्या दवाखान्यातला तो काटा जमिनीलगतचा, रबरी चटई घातलेला. त्यावर भुरी कुत्री चारही पाय नीट ठेवून, वर्गाच्या फोटोला उभी राहिल्यासारखी समोर बघत होती. "मागे सत्तावीस होतं," मदतनीस बाई जुना कागद शोधून म्हणाली, "आठ महिन्यांत साडेचार किलो! अहो, ही बया कुणाच्या वाटचं जेवते?" बाई तोंडाला आलं ते हसून बोलून गेली, पण भुरीची दोरी धरून उभ्या असलेल्या तिच्या कानशिलात ते सणसणीत बसलं. कुणाच्या वाटचं, हे त्या खोलीत दोघींना पक्कं ठाऊक होतं आणि त्यातल्या एकीला बोलता येत नव्हतं. बाजूला मास्तर उभे होते. कुत्र्यांना शिकवण्यात तीस वर्षं गेलेला माणूस. आता माणसांशीही दोनदोन शब्दांतच बोलायचे. त्यांनी वाकून भुरीच्या बरगड्यांवर हात फिरवला. हाडं सापडायला त्यांना बोटं रुतवावी लागली.

"घरात लहान मूल आहे ना," ती म्हणाली. "सांडतं. ही टिपते."

खोटं इतकं सहज, इतकं गरम गरम बाहेर आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. स्वतःच्या चार वर्षांच्या मुलीवर ढकलून मोकळी!

"सांडलेलं एवढं नसतं," मास्तर म्हणाले. मग भुरीच्या कानामागे खाजवत, "संध्याकाळी येतो. जेवायच्या वेळेला. तुम्ही जेवा, तिला तिचं काम करू दे. नाही केलं, तर दोरी माझ्या हातात द्यायची. अशा कुत्र्यासाठी रांगेत अकरा जण आहेत, ताई."

रस्त्यावर आली तेव्हा ऊन चढलं होतं आणि भुरी नेहमीसारखी तिच्या डाव्या गुडघ्याशी चालत होती. अंगात जाकीट, निळं, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'कामावर आहे, हात लावू नये.' लोक वळून बघत होते. बसमध्ये कंडक्टरने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "दिसत नाही का तुम्हाला?" आणि ती म्हणाली होती, "दिसतं की. तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय." आठ महिने अशी उत्तरं देऊन देऊन तिची जीभ चांगलीच धारदार झाली होती. आंधळ्याचं कुत्रं रस्ता दाखवतं हे लोकांना पटतं. पण दोन पायांवर धड चालणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, लिपस्टिक लावणाऱ्या बाईला कुत्रं कशाला? कशाला म्हणजे, जेवायची वेळ झाली की गुडघ्यावर डोकं ठेवायला. ताटासमोर बसल्यावर तिची नजर भिंतीत शिरून हरवली, की हात चाटून परत आणायला. आणि जेवण झालं की न्हाणीघराच्या दारात आडवं पडायला, अर्धा तास; आत गेलेलं तिने पुन्हा बाहेर काढू नये म्हणून. त्या अर्ध्या तासात पोटातला घास दगडासारखा, मग निखाऱ्यासारखा, मग नुसता घास होतो, असं तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते खरंही होतं. पण तो नुसता घास होईपर्यंत थांबायला आडदांड, मायाळू, लाच न खाणारं कुणीतरी दारात लागतं. माणसं लाच खातात. 'पोट बिघडलंय' म्हटलं की बाजूला होतात. भुरी होत नसे. होत नसे, हा भूतकाळ तिला चालता चालता टोचला.

कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये तिचं बाक खिडकीशी होतं. बाकाखाली भुरीची घोंगडी. हाताखाली प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेण, आणि चपट्या पेटीत रांगेने मांडलेले दात: पुढचे, सुळे, दाढा. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्याशी मिटवून बघायचा, जिथे खट्ट वाजलं तिथे कणभर घासायचा. दिवसभर ती दुसऱ्यांनी कसं चावायचं ते ठरवत असे. पलीकडच्या बाकावरचे मेणकाका, तीस वर्षं मेण वितळवून वितळवून ज्यांची बोटंच मेणासारखी झाली होती, म्हणायचे, "तुझ्या हातची कवळी म्हणजे दगड फोडावा." मागे एक म्हातारा सात वेळा कवळी परत करून गेला होता, पाव चावता येत नाही म्हणून. आठव्या वेळी तिने रात्रीचं जागरण असल्यासारखे डोळे ताणून उजवी दुसरी दाढ केसभर खाली बसवली. आणि दोन दिवसांनी दाताच्या डॉक्टरांकडून निरोप आला, 'आजोबांनी पावाची कडासुद्धा खाल्ली.' तेव्हा मेणकाकांनी टाळी दिली होती. तिला मात्र संताप आला होता, कुणाचा ते कळलं नव्हतं. त्या दिवशी दुपारचा तिचा डबा भुरीने खाल्ला होता.

सुरुवात कुठून झाली, हा प्रश्न सगळे विचारतात, जणू गळक्या नळाचं मूळ शोधायचंय. सुरुवात चौदाव्या वर्षी एका तापातून झाली. तीन आठवडे ताप, आणि उठून आरशासमोर उभी राहिली तर गाल ओसरलेले, मान लांब, फ्रॉक खांद्यावरून घसरतोय. मावशी म्हणाली, "अगं बाई, काय गोड दिसायला लागली ही! अगदी काडी!" आई किती दिवसांनी तिच्याकडे बघून हसली. तेव्हापासून ती काडी. ताप गेला, नाव राहिलं, आणि नाव राखायला लागलं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं होतं. त्या घरात सगळं ठरलेलं होतं: कुठली शाळा, कुठल्या रंगाचा फ्रॉक, कुणाशी बोलायचं, कितीला झोपायचं. एका तोंडाच्या भोकावर तेवढा तिचा ताबा होता. ते मिटून घेतलं की आई रडकुंडीला यायची, बाबा वर्तमानपत्र खाली ठेवायचे. सगळं जग ज्याच्यापुढे हात पसरतं त्या अन्नाला ती नाही म्हणू शकत होती! छाती कशी भरून यायची त्या नाहीने! बंड होतं ते, खरंखुरं बंड. फक्त वीस वर्षांनी एक दिवस कवळ्यांच्या भट्टीसमोर ती धाडकन कोसळली, कपाळाला चार टाके पडले, आणि शुद्धीवर येताना तिला पहिल्यांदा वाटलं की हे बंड ज्याच्याविरुद्ध होतं तो कधीच घर सोडून गेलाय आणि आपण रिकाम्या घराच्या दारावर डोकं आपटतोय.

मग मास्तरांकडून भुरी आली. पहिले दोन महिने, देवाशपथ, ती जेवली. रडत, चिडत, शिव्या देत, पण जेवली. भुरीच्या डोक्याचं वजन गुडघ्यावर असताना खोटं बोलता येत नसे. नवरा जहाजावर मेकॅनिक, चार महिने पाण्यात नि दोन घरात. तो फोनवर रोज आधी भुरीची चौकशी करायचा, मग तिची, आणि तिला ते आवडायचं. मग तिसऱ्या महिन्यातल्या एका संध्याकाळी तिला ती युक्ती सुचली. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. मास्तरांनी पहिल्या दिवशी नियम सांगितला होता: जाकीट अंगात असलं की भुरी कामावर, जमिनीवर लोण्याचा गोळा पडला तरी बघणार नाही. जाकीट काढलं की सुट्टी. सुट्टीत ती नुसती कुत्री. खेळेल, लोळेल, दिलं तर खाईल. आणि त्या संध्याकाळी उकडत होतं. खरंच उकडत होतं. "घरात कशाला गं तुला ते जाकीट," असं म्हणत तिने ताट वाढायच्या आधी पट्टे सोडले, आणि नियमात राहून नियमाला सुरुंग लागला. अर्धा बटाटा. मग अंडं. मग पाव दुमडून, टेबलाच्या कडेखालून, तळहात उताणा करून. भुरी इतकी हळू घ्यायची की फक्त ओठ लागायचे. ज्याने राखायचं तेच कुंपण शेत खायला लागलं. पण कुंपणाचा काय दोष, फाटक शेतानेच उघडलं होतं. जेवण झाल्यावर न्हाणीघराच्या दारात आडवं पडायचीही भुरीला गरज उरली नाही, कारण बाहेर काढायला आत काही गेलेलंच नसे. कसं सोपं! कसं स्वच्छ! तिच्याकडेच राहणारी आईसुद्धा म्हणाली, "चला, आता ताट तरी रिकामं होतं."

दुपारी मेणकाकांनी एक साचा तिच्यासमोर ठेवला. "बघ गं, वयाने लहान दिसते, समोरचे चार करायचेत." वरच्या जबड्याचा पांढरा साचा. तिने उचलला, उलटा केला, आणि अंगठा आतल्या बाजूने फिरवला. बाहेरून दात ठीक होते. आतून, टाळूच्या बाजूने झिजलेले, चमच्याने खरवडल्यासारखे खोलगट, गुळगुळीत. ब्रश करून अशी झीज येत नाही. पोटातलं आम्ल वर्षानुवर्षं वर येतं, दातांच्या पाठी धुऊन जातं, तेव्हा येते. ही झीज तिला अंधारात ओळखू आली असती; स्वतःच्या दातांमागे तिची जीभ रोज तिथेच जाते. साच्यावर नाव नव्हतं, आकडा होता. कुठल्याशा घरातली कुणीतरी काडी. "काय झालं?" मेणकाका म्हणाले. "चांगले करते हिचे दात," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा निघाला की बाकाखाली भुरी उठून बसली. जाकीट अंगात होतं. भुरीने डोकं तिच्या गुडघ्यावर ठेवलं आणि वर बघितलं, त्या गोल, ओलसर, कुठलाही आळ न घेणाऱ्या डोळ्यांनी. आणि तिला एकदम दिसलं की गेल्या सहा महिन्यांतलं तिचं न खाल्लेलं सगळं इथे आहे, या मानेच्या वळीत, या पाठीच्या सायीत. ते नाहीसं झालंच नव्हतं. तिचं शरीर तिच्यापासून दूर, दुसऱ्या एका बिचाऱ्या जिवाच्या अंगावर वाढत होतं, आणि त्याच्यामुळे जिना चढताना भुरीला आताशा धाप लागत होती.

आज संध्याकाळपुरतं नाटक करता येईल, हा विचार डबा उघडतानाच आला. जाकीट घालायचं, जेवायचं, हसायचं. एका जेवणाने कुणी मरत नाही. मास्तर जातील, उद्या पुन्हा उकडेल. नाटकात ती तरबेज होती. वीस वर्षं एकच प्रयोग, रोज हाऊसफुल्ल! पण नाटकात भुरीचंही काम होतं, आणि सहा महिने ती तालमीला आलेली नव्हती. दारात पडायचं हे तिला आठवेल का? आणि आठवलं तर? तिने डब्यातला भात बघितला, वाटाणे बघितले. एकेक वाटाणा तिच्याकडे बघत होता. "बघा काय बघायचं ते," ती वाटाण्यांना म्हणाली, आणि मेणकाका गालात हसले. तिने पाच घास खाल्ले. सहावा नाही गेला. पण पाच गेले, आणि टेबलाच्या खाली काही गेलं नाही.

घरी आईने सूप केलं होतं, अंडी उकडली होती, पाव कापून ठेवला होता. ठकी, तिची मुलगी, आधीच खुर्चीवर चढून बसली होती. मास्तर आले ते चपला दाराबाहेर काढून, भिंतीशी स्टूल ओढून बसले. आईला हा माणूस पहिल्यापासून खुपत असे. "माणसाचा घास राखायला कुत्रं," ती भांडी आदळत म्हणाली, "आमच्या वेळी आईचा डोळा पुरायचा."

"पुरला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. आईच्या हातातली पळी तशीच राहिली.

मग ती हात धुवायला वळली, तेवढाच वेळ. खळखळणाऱ्या पाण्यातून तिला तो आवाज आला, पट्टा सुटल्याचा, कट्ट. मान वळवून बघितलं तर ठकी खुर्चीतून खाली वाकून भुरीचं जाकीट उतरवत होती, सराईतपणे, एका हाताने. "घरात कशाला गं तुला ते," ठकी म्हणाली, शब्दन् शब्द आपल्या आईच्या सुरात, थकून हसल्यासारखी. मग तिने आपल्या बशीतला पाव दुमडला, तळहात उताणा केला आणि टेबलाच्या कडेखाली धरला. भुरीने अगदी हळू घेतला. ठकीने दुसऱ्या हाताने आपलं पोट चाचपलं, आत ओढलं. "मला नको," ती भुरीच्या कानात म्हणाली, "मला काडी व्हायचंय."

तिच्या हातावरून पाणी वाहत राहिलं. सकाळचं खोटं भलत्याच अर्थाने खरं निघालं होतं. मूल सांडत नव्हतं. मूल शिकलं होतं. साडेचारातले किती किलो आपले आणि किती या एवढ्याशा पोटातून काढलेले? आईने बघितलं होतं, मास्तरांनी बघितलं होतं. मास्तर स्टुलावरून उठले आणि त्यांनी दोरीकडे हात नेला.

"थांबा," ती म्हणाली. "बसा तुम्ही. मास्तर, बसा. हे तिने माझ्याकडून घेतलंय. रोज मी देते. बटाटा, अंडं, पाव, सगळं. मी जाकीट काढते आणि मी देते. सहा महिने."

"अगं काडी, काय बोलतेस परक्या माणसासमोर," आई कुजबुजली.

"काडी म्हणू नकोस मला!" हे इतक्या जोरात निघालं की ठकीने हात मागे घेतला. "मला नको नि हिला तर मुळीच नको. चौदा वर्षांची असताना तुम्हाला आवडलं म्हणून बसले काडी होऊन. आता काय, सरणाला लावणार आहात?"

आई हळूच खुर्चीवर टेकली, आणि पहिल्यांदाच लेकीला दिसलं की आईचीही बशी रिकामी आहे, कायमच असते, आई 'मागाहून जेवते.' म्हणजे हे तीन पिढ्यांचं टेबल होतं आणि जेवत होती एकटी कुत्री. तिला हसू आलं, भलत्या वेळी, आणि त्या हसण्यानेच बहुधा, तिला हातपाय हलवता आले. तिने भुरीला जाकीट घातलं, पट्टे आवळले. पट्टे दोन भोकं सैल करावे लागले होते, हे कधी केलं तेही आठवेना. तिने ठकीला नवा पाव दिला. आईच्या बशीत पळीभर सूप ओतलं, विचारलं नाही. आणि ती जेवायला बसली. भुरीने टेबलाखालून नाक वर केलं, हात शोधला, कुईं केलं. सहा महिन्यांची सवय. तिला कसं कळणार हक्काचं अचानक का बंद झालं? "नाही," ती म्हणाली. भुरीने पंजा मांडीवर ठेवला. "नाही, राणी. हे माझं आहे." तिने पाव तोंडात घातला, चावला. दातांना पाव लागला, लोणी लागलं, वीस वर्षं ज्याला शत्रू मानलं ते मऊ, खारट, मूर्ख लोणी. तिने मास्तरांकडे रोखून बघत गिळलं. मग अंडं. मग सूप, बशी उचलून, आवाज करत. ठकी बघत होती, म्हणून आणखी आवाज करत. ठकी हसली आणि तिनेही फुर्र केलं.

जेवण संपलं आणि ते आलं, नेहमीसारखं, पोटातून वर, घशाशी, मानेच्या मागे घामासारखं. पाय आपोआप उठले. न्हाणीघर सात पावलांवर. मास्तर भुरीकडे बघत होते; ती उठते की नाही, सगळं त्यावर होतं. भुरी टेबलाखाली, जमिनीवरचा पावाचा चुरा हुंगत, आडवी. उठली नाही. चार पावलं झाली. पाच. आणि तिच्या पुढून ठकी धावत गेली आणि न्हाणीघराच्या दारात, उंबऱ्यावर, पालथी पडली. हातपाय ताणून, भुरी पहिल्या दिवसांत पडायची अगदी तश्शी. "आई, नाही जायचं," ती जमिनीत तोंड खुपसून म्हणाली. "मी भुरी आहे."

तिने वाकून मुलीला उचललं. पिसासारखी हलकी होती ती, आणि त्या हलकेपणाचा तिला असा राग आला की डोळ्यांसमोर लाल झालं. "हे तुझं काम नाही," ती म्हणाली. "ऐकलंस? कधीच नाही. तू जेवायचं, सांडायचं, झोपायचं. हे तिचं काम आहे. आणि माझं." तिने ठकीला आजीच्या मांडीवर दिलं आणि त्या उंबऱ्यावर, दाराला पाठ लावून, स्वतः बसली. फरशी गार होती. "ये," तिने भुरीला हाक मारली. भुरीने कान टवकारले. "ये इकडे. तुला मी बिघडवलं, मीच शिकवीन." मास्तर हात मांडीवर ठेवून बसून राहिले. तिने फरशीवर थापटलं. एकदा. पुन्हा. भुरी उठली, जड अंगाने, विचार करत आली, तिला हुंगलं, तोंडाशी अंड्याचा वास होता तिथे जरा जास्तच हुंगलं, आणि मग एक मोठा उसासा टाकून तिच्या पायांवर आडवी झाली. साडेएकतीस किलोंचं, गरम, श्वास घेणारं वजन. पाय हलवायचा म्हटलं तरी हलवता आला नसता.

वेळ कसा गेला ते सांगता येणार नाही. दगड होता, निखारा झाला. तिने दात आवळले, ते झिजलेले दात. आई ठकीला थोपटत मधूनच सुपाचा घोट घेत होती, चोरून, कुणी बघत नाहीसं बघून. मास्तरांनी एकदा घड्याळ बघितलं. मग दोरी गुंडाळली आणि टेबलावर ठेवली, तिच्या बाजूला.

"तीन आठवडे," ते म्हणाले. "दर शनिवारी काट्यावर आणायचं."

"आणीन. तिचं उतरेल."

"आणि तुमचं?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी असा, दवाखान्याबाहेर, सूप निवत असलेल्या खोलीत, आईसमोर विचारला नव्हता. तिने भुरीच्या मानेच्या वळीत बोटं घातली. "चढेल," ती म्हणाली. स्वतःच्या तोंडून हा शब्द ऐकून तिला भोवळ आली, पण ती बसलेलीच होती, पडायला जागा नव्हती. "चढेल माझं. बघायचं त्याने बघावं."

मास्तर चपला घालून गेले. जिन्यावरची त्यांची पावलं वाजेनाशी झाली. ठकी आजीच्या मांडीवर पेंगत, हातात पावाची कड धरून, ती चघळत होती. आईने बशा गोळा केल्या, एकात एक ठेवल्या, आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. काय म्हणून हाक मारावी हे सुचेना तशी नुसतीच उभी राहिली. मग म्हणाली, "झाला की अर्धा तास. केव्हाच झाला. ऊठ आता, फरशी गार आहे."

"असू दे," ती म्हणाली. "पोटात आहे ते अजून. राहू दे."